नियमाने मागे ठेवलेली मुलं

१९७० साली अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये एक नियम होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. त्याने वर्षभर अभ्यासात स्थिरावावं, कॉलेजची हवा अंगवळणी पडू द्यावी, आणि खेळायचंच असेल तर पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वेगळ्या संघातून खेळावं, असा त्यामागचा विचार. मुख्य संघ परगावी सामन्याला निघाला की ही मुलं वसतिगृहात मागे राहत. अठरा वर्षांच्या धडधाकट पोराला असा नियम जाचकच वाटणार.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या हंटिंग्टन शहरात, मार्शल विद्यापीठात, अशी काही मुलं १४ नोव्हेंबर १९७० च्या शनिवारी मागे राहिली होती. मोठ्यांचा संघ नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाकडून १७-१४ असा हरला आणि विमानाने परत निघाला. एरवी हा संघ बहुतेक प्रवास बसने करायचा, विमान क्वचितच. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पाऊस आणि धुक्यात ते डीसी-९ विमान हंटिंग्टनजवळच्या ट्राय-स्टेट विमानतळाकडे उतरू लागलं. उतरणाऱ्या विमानाला उंचीचा अचूक मार्ग दाखवणारी यंत्रणा त्या धावपट्टीला नव्हती. धावपट्टी येण्याआधीच विमान टेकडीवरच्या झाडांना घासलं आणि कोसळलं. आतले ७५ जण गेले. त्यांत ३७ खेळाडू होते, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली आणि त्यांचे सहकारी होते, आणि संघासोबत सामना बघायला गेलेले गावातले २५ लोकही होते. धावपट्टी नजरेला पडलेली नसताना विमान ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या खाली आलं, असा निष्कर्ष चौकशीतून निघाला. ते खाली का आलं, उंची दाखवणारं उपकरण चुकलं की ते वाचण्यात चूक झाली, याचा छडा निश्चितपणे लागला नाही.

या प्रकरणात मला सांगायचाय तो त्याच्या पुढचा हंगाम. १९७१ चा. हारजितीच्या तक्त्यात तो दोन विजय आणि आठ पराभव एवढाच दिसतो. नवा प्रशिक्षक आला आणि संघाचा कायापालट झाला, अशा गोष्टी खेळाच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. त्या सगळ्या गोष्टींमध्ये नव्या माणसाच्या हाती आधीचा काहीतरी संघ असतो. मार्शलचे नवे प्रशिक्षक जॅक लेंगेल यांच्या हाती तो नव्हता. म्हणून प्रशिक्षक नेमकं काय काम करतो, हे समजून घ्यायला या हंगामाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी गाव समजून घ्यायला हवं. हंटिंग्टन ओहायो नदीच्या काठी आहे, रेल्वेमुळे वसलेलं आणि वाढलेलं. १९७० मध्ये तिथे पाऊण लाखाच्या आत-बाहेर वस्ती होती. अमेरिकेत अशा शहरांमध्ये विद्यापीठाचा फुटबॉल संघ हा गावाचाच संघ असतो. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात तालमीचा पैलवान सगळ्या गावाचा असतो, त्याच्या खुराकाची चिंता सराफापासून डॉक्टरपर्यंत सगळे वाहतात, तसंच काहीसं. विमानात गावचे डॉक्टर होते, नगर परिषदेचा सदस्य होता, राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता, आणि त्यांतल्या कित्येकांच्या बायकाही होत्या. त्या एका रात्रीत सत्तर मुलांनी आई किंवा वडील गमावले. त्यांतली अठरा दोघांनाही मुकली. नंतरचे कित्येक दिवस शहरात अंत्ययात्रा चालू होत्या. सहा खेळाडूंची ओळख पटली नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी ठेवलं.

फुटबॉल बंद करावा असं अनेकांना वाटलं, आणि तसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. तसाही हा संघ तेव्हा नावाजलेला नव्हता. त्याआधीच्या काही वर्षांत तो सलग २७ सामन्यांत एकदाही जिंकला नव्हता, आणि खेळाडू मिळवताना नियम मोडल्याबद्दल १९६९ मध्ये त्याला मिड-अमेरिकन गटातून काढून टाकलेलं होतं. ज्या खेळासाठी एवढी मुलं गेली तो पुन्हा त्याच गावात, त्याच हिरव्या-पांढऱ्या पोशाखात कुणी खेळायचा? संघ चालू राहावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत सगळ्यांत पुढे नेट रफिन हा खेळाडू होता. हाताच्या दुखापतीमुळे तो त्या प्रवासाला गेला नव्हता. फेलिक्स जॉर्डनही दुखापतीमुळेच राहिला होता, आणि एड कार्टर वडील वारल्यामुळे टेक्ससला घरी गेला होता. मुख्य संघातले असे मोजकेच उरले होते. प्रभारी अध्यक्ष डोनाल्ड डेडमन यांच्या काळात विद्यापीठाने निर्णय घेतला, की संघ राहील.

निर्णय झाला, पण प्रशिक्षक मिळेना. जॉर्जिया टेकमध्ये सहायक असलेल्या डिक बेस्टविक यांनी होकार दिला, आणि आठवड्याभरात ते आपल्या जुन्या जागी परत गेले. त्यांना दोष द्यायला माझं मन होत नाही. त्या मैदानावर काय वाट बघतंय हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर पाय मागे घेणं माणसाला साजेसंच आहे. मग १९७१ च्या मार्चमध्ये जॅक लेंगेल आले. वय पस्तिशीतलं. ओहायोतल्या वूस्टर नावाच्या लहानशा कॉलेजातून ते आले होते, मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये फारसं कुणाला माहीत नसलेले.

सप्टेंबरात पहिला सामना. हातात सहा महिने.

आता थोडं खेळाविषयी सांगायला हवं, कारण लेंगेल यांच्यापुढची अडचण त्याशिवाय ध्यानात यायची नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे अकरा जण असतात. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि त्यानंतर लाथेने एक गुण जादा मिळवायची संधी. लांबून लाथ मारून चेंडू खांबांमधून धाडला तर फील्ड गोल, त्याचे तीन. ऐकायला सोपं आहे. पण चढाई करणारे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, लाथ मारणारा आणखी वेगळा. दर प्रयत्नाला अंगावर अंग आदळतं, त्यामुळे प्रत्येक जागेला बदली माणूस लागतो. साठ-सत्तर खेळाडू नसतील तर नीट सरावही होत नाही, कारण सरावात समोर उभं राहायलाही कुणीतरी हवं. आणि वय इथे फार मोलाचं. पुढच्या रांगेत उभा राहणारा बावीस वर्षांचा जवान आणि अठरा वर्षांचा पोरगा यांत चार वर्षांचा खुराक, व्यायाम आणि मार खाण्याचा सराव एवढं अंतर असतं. कुस्तीत मुलांचा आणि पुरुषांचा गट वेगळा ठेवतात ते उगीच नाही.

लेंगेल यांच्याकडे होती ती गेल्या वर्षी मागे राहिलेली, नियमाने वाचवलेली मुलं. आता ती दुसऱ्या वर्षात होती. तेवढ्याने संघ भरत नव्हता. म्हणून विद्यापीठाने राष्ट्रीय क्रीडा संघटनेकडे सवलत मागितली, की नव्याने येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मुख्य संघातून खेळू द्या. अशी विनंती त्या संघटनेपुढे पहिल्यांदाच आली होती असं नाही. मार्शलच्या अपघाताच्या सहाच आठवडे आधी, २ ऑक्टोबर १९७० ला, विचिटा स्टेट विद्यापीठाच्या संघाला नेणारं एक विमान कोलोरॅडोच्या डोंगरात पडलं होतं. त्यात ३१ जण गेले, आणि उरलेला हंगाम पुरा करायला त्या संघाला पहिल्या वर्षाची मुलं घेऊ दिली होती. मार्शललाही परवानगी मिळाली. ज्या नियमाने मुलांना वाचवलं तोच बाजूला सारल्यावर संघ उभा राहिला, हे माझ्या डोक्यातून जात नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, संघटनेने सगळ्याच विद्यापीठांसाठी तो नियम उठवला. त्याची कारणं वेगळी होती, पैशांची आणि सोयीची.

बाकीच्या जागा कॉलेजातच शोधून भरल्या. शिष्यवृत्ती नसताना नुसती हौस म्हणून चाचणीला आलेली मुलं, इतर खेळ खेळणारी मुलं. संघाचं मूळ नाव थंडरिंग हर्ड, म्हणजे गर्जत धावणारा कळप. झेन ग्रे यांच्या कादंबरीच्या नावावरून ते आलेलं. या नव्या पोरांच्या संघाला यंग थंडरिंग हर्ड म्हणू लागले.

या संघाचा क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर. क्वार्टरबॅक म्हणजे चढाईचा सूत्रधार, पहिल्यांदा चेंडू ज्याच्या हाती येतो तो. ऑलिव्हर अलाबामा राज्यातल्या टस्कलूसाचा कृष्णवर्णीय मुलगा. टस्कलूसात अलाबामा विद्यापीठ आहे, ज्याचा संघ देशातल्या बलाढ्य संघांत मोडतो. पण त्या संघाने फुटबॉलची शिष्यवृत्ती पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय खेळाडूला, विल्बर जॅक्सनला, दिली ती १९७० मध्ये. त्याआधी टस्कलूसातल्या कृष्णवर्णीय पोरांना स्वतःच्या गावच्या विद्यापीठाचं दार बंद होतं. म्हणून त्यांतले चौघं शेकडो मैल दूर हंटिंग्टनला आले होते: जो हूड, लॅरी सँडर्स, रॉबर्ट व्हॅनहॉर्न आणि फ्रेडी विल्सन. त्यांच्या मागोमाग धाकटा ऑलिव्हर आला. ते चौघं विमानात होते. ऑलिव्हर पहिल्या वर्षात असल्यामुळे मागे राहिला.

हंगामाच्या तयारीत लेंगेल यांनी घेतलेला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय म्हणजे आपल्याजवळ काय नाही ते मान्य करणं. समोरच्याला ताकदीने रेटत चेंडू पुढे न्यायची पद्धत त्यांच्या मनात आधी होती. त्यासाठी भारी आणि मुरलेली माणसं लागतात. ती नव्हती, म्हणून पद्धत बदलायचं ठरलं. नवी पद्धत शिकायला ते गेले ती जागा महत्त्वाची आहे: राज्यातलं मोठं विद्यापीठ, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ, आणि तिथले मुख्य प्रशिक्षक बॉबी बाउडेन. एकाच राज्यातली दोन विद्यापीठं म्हणजे खेळाडूंवरून, पैशांवरून, बातम्यांतल्या जागेवरून कायमची चढाओढ. तरीही बाउडेन यांनी आपल्या संघाच्या योजनांच्या वह्या आणि सामन्यांच्या फिल्म मार्शलच्या प्रशिक्षकांपुढे उघडल्या. या खेळात योजनांची वही म्हणजे घराण्याच्या चिजांची वही. ती बाहेरच्याला दाखवत नाहीत. अपघातानंतर बाउडेन यांच्या खेळाडूंच्या शिरस्त्राणांवर मार्शलच्या आठवणीसाठी हिरवा क्रॉस आणि मार्शलची आद्याक्षरं होती.

तिथे ते व्हीअर नावाची पद्धत शिकले. ह्यूस्टनच्या बिल येओमन यांनी ती साठच्या दशकात रूढ केली होती. तिच्यातली युक्ती अशी. चढाईच्या प्रत्येक खेळीत समोरच्या प्रत्येक बचावपटूला कुणीतरी अडवायचं, ही नेहमीची रीत. व्हीअरमध्ये बचावाच्या टोकाचा एक माणूस मुद्दाम मोकळा सोडतात. क्वार्टरबॅक चेंडू शेजारून पळणाऱ्या साथीदाराच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही, आणि त्या मोकळ्या बचावपटूकडे बघतो. तो साथीदारावर झेपावला, तर चेंडू ओढून घ्यायचा आणि स्वतः बाहेरून पळायचं. तो क्वार्टरबॅककडे वळला, तर चेंडू साथीदाराला देऊन टाकायचा. पुढे आणखी एक जण बाहेरच्या बाजूला पळत असतो, अडचण आली तर चेंडू त्याच्याकडे फेकायचा. म्हणजे ज्या माणसाला अडवायला तुमच्याकडे तगडा गडी नाही, त्याला त्याच्याच निर्णयाने चुकवायचं. खो-खोत खांबाशी पोचलेला पळणारा पाठलाग करणाऱ्याचा खांदा कुठे झुकतोय ते बघून उलट बाजूला निसटतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. मोकळ्या सोडलेल्या माणसामुळे आपल्या रांगेतला एक जण सुटा होतो, तो शेजाऱ्याला मदत करतो, आणि दोन हलके गडी मिळून एका भारी गड्याला हटवतात. वजन कमी, पण पळायला चपळ, अशा मुलांसाठी जणू बेतलेली पद्धत. तिचा सगळा भार मात्र क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवर. निर्णय घ्यायला त्याला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाच अवधी. एकोणीस-वीस वर्षांच्या ऑलिव्हरच्या डोळ्यांवर हा भार आला.

हंगाम सुरू व्हायच्या आधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संघाला संदेश पाठवला. निकाल काहीही लागो, १९७१ चा संघ मैदानात उतरवला हाच तुमचा मोठा विजय, असा त्याचा आशय होता.

१८ सप्टेंबरला केंटकीत मोरहेड स्टेटविरुद्ध पहिला सामना झाला. मार्शल २९-६ असा हरला. पुढच्या शनिवारी, २५ सप्टेंबरला, हंटिंग्टनच्या फेअरफील्ड मैदानावर सामना होता, झेवियर विद्यापीठाशी. अपघातानंतर गावाने आपल्या संघाला घरच्या मैदानावर प्रथमच पाहिलं ते त्या दिवशी. ब्लेक स्मिथने ३१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि मार्शलचे तीन गुण लागले. त्यानंतर सामना रेंगाळत, अडखळत चालला. ज्यांनी विजयाची आशाच केली नव्हती ते लोक हळूहळू जागच्या जागी उभे राहू लागले असणार, कारण शेवटच्या मिनिटांत झेवियर १३, मार्शल ९ असा गुणफलक होता, आणि चेंडू मार्शलकडे होता. चार गुणांचं अंतर फील्ड गोलने भरून निघणार नव्हतं. टचडाउनच हवा.

ऑलिव्हरने संघाला तेरा यार्डांच्या रेषेपर्यंत आणलं. घड्याळात एकाच खेळीपुरते क्षण उरले होते. जी खेळी निवडली तिचं नाव २१३ बूटलेग स्क्रीन. चेंडू हाती येताच ऑलिव्हर एका बाजूला धावत सुटला, आणि बचावाची सगळी फळी त्याच्यामागे वाहत गेली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला टेरी गार्डनर गुपचूप निसटला होता, आणि त्याच्यापुढे अडवणारे साथीदार उभे राहिले होते. ऑलिव्हरने उलट दिशेला चेंडू टाकला. गार्डनरने तो झेलला. जॅक क्रॅबट्रीने वाटेतला बचावपटू अडवला आणि गार्डनर रेषेपार गेला. वेळ संपली होती. मार्शल १५, झेवियर १३.

खेळीच्या मांडणीकडे एकदा पुन्हा बघा. ताकदीने ढकलून ते तेरा यार्ड मिळाले नसते. समोरच्यांना जिथे जायची घाई झाली होती तिथे त्यांना जाऊ दिलं, आणि मागे मोकळी राहिलेली जागा वापरली. लेंगेल यांनी उन्हाळाभर हेच शिकवलं होतं. त्या दिवशी लोक मैदान सोडायला तयार नव्हते. सामना संपून कितीतरी वेळ ते तिथेच होते, खेळाडूंना बिलगून.

ही गोष्ट सांगणारे बरेच जण इथेच थांबतात. २००६ साली निघालेल्या हॉलिवूड चित्रपटातही, ज्यात मॅथ्यू मॅककोनाही लेंगेल झाले आहेत, हाच सामना कळसाला ठेवलाय. मला मात्र पुढचा शनिवार जास्त महत्त्वाचा वाटतो. मायामी ऑफ ओहायो विद्यापीठाने मार्शलला ६६-६ असं चिरडलं. त्या दिवशीही तीच मुलं मैदानात होती, आणि शेवटपर्यंत होती. मग आणखी पराभव. ३० ऑक्टोबरला बोलिंग ग्रीनवर १२-१० असा दुसरा विजय, तोही घरच्या मैदानावर. पुढे टोलीडोकडून ४३-० अशी हार. टोलीडोचा संघ त्या वर्षांत हरतच नव्हता, सलग पस्तीस सामने जिंकण्याची त्यांची मालिका चालू होती. मार्शलच्या मुलांना त्याची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. दहा सामने ठरले होते, आणि दहाही खेळले गेले.

लेंगेल चार हंगाम राहिले. चारांत मिळून ९ विजय, ३३ पराभव. कुठल्याही विद्यापीठात या आकड्यांवर प्रशिक्षकाची नोकरी जाते, आणि १९७४ नंतर लेंगेलही गेले. पुढे ते नौदल अकादमीचे क्रीडा संचालक म्हणून दीर्घकाळ काम करत होते. मार्शलला हारण्यापेक्षा जास्त जिंकल्याचा हंगाम बघायला १९८४ उजाडावं लागलं, आणि त्यानंतर संघ असा उसळला की १९९२ आणि १९९६ मध्ये आपल्या श्रेणीत राष्ट्रीय विजेता झाला. या यशाचं श्रेय थेट लेंगेल यांना द्यायचं असं मी म्हणत नाही. त्या विजेत्यांना घडवणारे प्रशिक्षक वेगळे होते, मैदानसुद्धा नवं होतं. पण १९७१ च्या सप्टेंबरात कुणी मैदानात उतरलं नसतं, तर १९९२ मध्ये जिंकायला तिथे संघच नसता.

विद्यापीठाच्या आवारात शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी घडवलेलं कारंजं आहे, ७५ जणांच्या स्मरणार्थ १९७२ मध्ये बसवलेलं. दर वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचं पाणी बंद करतात, आणि ते वसंतात पुन्हा सुरू होतं.

एका माणसाविषयी सांगायचं राहिलं. रेड डॉसन हे टॉली यांचे सहायक प्रशिक्षक. त्या शनिवारी सामना झाल्यावर ते विमानात बसले नाहीत. एका नव्या खेळाडूला भेटायचं म्हणून ते सहकारी गेल पार्कर यांच्यासोबत मोटारीने निघाले. पार्कर यांची विमानातली जागा डीक ब्रॅकेट या दुसऱ्या सहायकाने घेतली. अपघाताची बातमी डॉसन आणि पार्कर यांना वाटेत, मोटारीतल्या रेडिओवर कळली. विमानातल्या कित्येक मुलांच्या घरी डॉसन स्वतः गेले होते, मुलगा आमच्याकडे पाठवा म्हणून आईबापांशी बोलले होते. त्यांनी एकामागून एक अंत्यविधींना हजेरी लावली. लेंगेल आले तेव्हा डॉसन त्यांच्यासोबत राहिले, कारण नव्या माणसाला जुनी पोरं आणि जुनं गाव ओळखणारं कुणीतरी हवं होतं. १९७१ चे दहा सामने त्यांनी पुरे केले. मग शिट्टी खाली ठेवली आणि पुन्हा कधी प्रशिक्षक झाले नाहीत. हंटिंग्टन मात्र त्यांनी सोडलं नाही. तिथेच बांधकामाच्या व्यवसायात पडले.